वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पापातून सुटका

या वेळच्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच घोटाळा दिसला, म्हणून तो आधीच मांडतो. पापाचा दोष ही एक गोष्ट आणि पापाची सत्ता ही दुसरी. वधस्तंभाने दोन्हींना हात घातला आहे, पण दोन्ही एकाच रीतीने मिटत नाहीत. दोष एकदाच आणि पूर्ण मिटवला गेला. सत्ता मोडली गेली, पण त्या सुटकेत रोज चालावे लागते. हा भेद सुटला की माणूस फिटलेला दोष स्वतःला शिक्षा देऊन पुन्हा फेडू पाहतो आणि सवय मात्र एका प्रार्थनेत नाहीशी व्हावी अशी अपेक्षा करतो. दोन्हीकडे निराशाच पदरी येते.

प्रश्न : देव सर्वसमर्थ आहे. मग त्याने नुसते ‘क्षमा केली’ म्हणून का सोडले नाही? निरपराध पुत्राला दुःख सोसायला लावणे हा न्याय कसा?

उत्तर : ‘नुसती क्षमा’ असे काही जगात नसते. राजाने चाकराचे कर्ज सोडले, तर तेवढी रक्कम राजाच्या भांडारातून जाते (मत्तय 18). क्षमा करणारा नुकसान स्वतःवर घेतो. प्रश्न एवढाच की ते नुकसान किती आणि ते सोसणार कोण.

जुन्या करारात हे सगळ्यांत स्पष्ट दिसते ते लेवीय 16 मध्ये, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या विधीत. त्या दिवशी लोकांसाठी दोन बकरे घेत. एकाचा वध होई आणि त्याचे रक्त महायाजक पडद्याच्या आत, कराराच्या कोशावरील झाकणाकडे, म्हणजे दयासनाकडे नेई. दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवी, लोकांचे सगळे अपराध उच्चारी आणि मग तो बकरा रानात सोडला जाई. पापाची किंमत जिवाने चुकती होते आणि पाप लोकांमधून दूर नेले जाते, हे दोन्ही त्या विधीत होते. त्यातच तीन उणिवाही होत्या. महायाजकाला आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पावा लागे. विधी दरवर्षी पुन्हा करावा लागे. शिवाय हात उगारून, उद्दामपणे केलेल्या पापाला यज्ञाची सोयच नव्हती (गणना 15:30). म्हणूनच व्यभिचार आणि खून केलेला दावीद स्तोत्र 51 मध्ये म्हणतो की, तुला यज्ञ हवा असता तर मी तो केला असता. त्याच्याजवळ देवाच्या दयेवाचून काहीच उरलेले नव्हते.

इब्री लोकांस पत्राचा 9 वा आणि 10 वा अध्याय नेमक्या याच उणिवांना उत्तर देतो. ख्रिस्ताला स्वतःसाठी अर्पण करण्याची गरज नव्हती आणि त्याने एकदाच अर्पण केले. याजक रोज उभा राहून सेवा करी, ख्रिस्त मात्र आपले अर्पण झाल्यावर बसला, असा बारकावा लेखकाने मुद्दाम टिपला आहे (10:11-12). काम शिल्लक असते तर तो बसला नसता. यज्ञाबाहेर राहिलेल्या पापांचे काय, याचे उत्तर प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरातल्या यहूद्यांच्या सभास्थानात दिले : मोशेच्या नियमशास्त्राने ज्या गोष्टींतून सुटका होऊ शकत नव्हती, त्या सर्वांतून येशूवर विश्वास ठेवणारा सुटतो (प्रे. कृत्ये 13:38-39).

आता न्यायाचा भाग. कोपलेला पिता एका बाजूला आणि मध्ये पडून मार खाणारा गरीब पुत्र दुसऱ्या बाजूला, असे चित्र उपदेशांतून वारंवार रंगवले जाते. ते शास्त्राला धरून नाही. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असे येशू म्हणतो (योहान 10:18). आणि ख्रिस्तामध्ये देवच जगाचा आपल्याशी समेट करत होता, असे पौल लिहितो (2 करिंथ 5:19). तिऱ्हाइताला धरून शिक्षा दिली असती, तर तो खरोखर अन्याय ठरला असता. इथे न्यायाधीशच आरोपीच्या जागी उभा आहे. रोमकरांस 3:26 चा आशय हाच : देव नीतिमानही राहतो आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवतो.

वधस्तंभाचा अर्थ मंडळीने एकाच शब्दांत कधी बांधून टाकला नाही. पहिल्या शतकांतील अनेक शिक्षकांनी मरण आणि सैतान यांवरच्या विजयावर भर दिला, अकराव्या शतकात अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञाने देवाच्या अवमानाच्या भरपाईवर, त्याच्या पुढच्या पिढीतल्या अबेलार्ड या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या हृदयाला पाझर फोडणाऱ्या प्रीतीवर. कलस्सैकरांस 2:14-15 या दोन ओळींत ऋणलेख खोडणेही आहे आणि सत्ताधीशांवरचा विजयही. एक बाजू धरून बाकीच्या टाकून दिल्या, तर वधस्तंभ लहान होतो.

प्रश्न : येशूच्या शारीरिक वेदनांची वर्णने ऐकून अंगावर काटा येतो, पण नंतर मन कोरडेच राहते. असे का होते? आणि दुःखसहनाच्या सप्ताहात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या आठवड्यात, वाचन कसे करावे?

उत्तर : वेदनेचे प्रमाण आपल्याला तारत नाही. त्याच दिवशी, त्याच शिक्षेने आणखी दोघे मेले आणि शारीरिक हाल त्यांचेही कमी नव्हते. मार्कने वधस्तंभावर खिळण्याची घटना अवघ्या काही शब्दांत सांगितली आहे (15:24). फटक्यांसाठीही त्याने वर्णन खर्ची घातलेले नाही. त्याचा भर वेगळ्या गोष्टींवर आहे : यहूदाचे चुंबन, झोपलेले शिष्य, पेत्राचा नकार, बरब्बाची सुटका, शिपायांची आणि वाटसरूंची थट्टा. दोषी सुटतो आणि निर्दोष मरतो, हे बरब्बाच्या प्रसंगात उघड दिसते. हे कोण सोसतो आहे आणि कोणासाठी, हा प्रश्न बाजूला राहिला की वाचक हळहळतो आणि तिथेच थांबतो.

अटकेआधी गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना येशूने केली, त्यातल्या ‘प्याल्या’कडे लक्ष द्या. संदेष्ट्यांच्या भाषेत तो देवाच्या क्रोधाचा प्याला आहे (यशया 51:17, यिर्मया 25:15). येशू ज्याने कासावीस झाला ते केवळ खिळ्यांचे भय असते, तर पुढे त्याच्या नावासाठी गात मरणाला सामोरे जाणारे हुतात्मे त्याच्याहून धीराचे ठरले असते. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही आरोळी स्तोत्र 22 ची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. त्यात त्यागलेपणाची खोलीही आहे आणि देवाने आक्रोश ऐकल्याची साक्षही. पण शेवट माहीत आहे म्हणून आरोळीची धार बोथट करू नये.

वाचनाविषयी. चारही शुभवर्तमानांची सरमिसळ टाळा, एका वर्षी एकच घ्या. वधस्तंभावरील सात उद्गार एकत्र ऐकायची आपल्याला सवय असते, पण मत्तय आणि मार्क यांच्यात त्यांतला एकच आहे, लूकमध्ये तीन, योहानात तीन. मार्कमधला तो एकच उद्गार त्या अंधारात एकटा ऐकू आला पाहिजे. मार्क 14 आणि 15 मिळून 119 वचने होतात. त्यांची विभागणी अशी करता येते : सोमवारी 14:1-31, मंगळवारी 14:32-52, बुधवारी 14:53-72, गुरुवारी 15:1-20, उत्तम शुक्रवारी 15:21-39 आणि सोबत स्तोत्र 22, शनिवारी 15:40-47, पुनरुत्थानाच्या दिवशी 16:1-8. यशया 52:13 ते 53:12 ही 15 वचने मात्र रोज मोठ्याने वाचावीत. प्रत्येक दिवशी एकच प्रश्न विचारा : या प्रसंगात मी कोणासारखा वागतो? पिलातासारखा खरे कळूनही जमावाला खूश करणारा, की पेत्रासारखा शेकोटीजवळ गप्प बसणारा? उत्तर एका ओळीत लिहून ठेवा. मन कोरडे राहिले तरी वाचन सोडू नका. भावना दाटून येणे ही श्रद्धेची परीक्षा नव्हे.

प्रश्न : सर्व पापांची क्षमा झालीच आहे, तर पाप केले म्हणून काय बिघडते?

उत्तर : हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता (रोम 6:1). त्याने ‘शिक्षा होईल’ असे उत्तर दिले नाही. पापाला मेलेले आपण त्यातच कसे राहणार, असे त्याने उलट विचारले. सुटलेला दास जुन्या धन्याकडे परत राबायला जातो, तेव्हा त्याला सुटका म्हणजे काय हेच उमगलेले नसते. शिवाय जुना धनी वेतन देतो ते मरणाचेच (रोम 6:23).

प्रश्न : तारण झाल्याला बरीच वर्षे झाली, पण एकच पाप सुटत नाही. दर वेळी रडतो, शपथ घेतो, पुन्हा पडतो. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : पापाशी झगडा चालू आहे, हे विश्वास खोटा असल्याचे लक्षण नाही. मेलेल्या मनाला झगडा नसतो. ‘मी पापी नाही’ असे म्हणणारा स्वतःला फसवतो, हे योहानाने विश्वासणाऱ्यांनाच लिहिले आहे (1 योहान 1:8). पण तुमच्या पत्रातल्या ‘शपथ घेतो’ या दोन शब्दांवर थांबावेसे वाटते. शपथ म्हणजे पुन्हा स्वतःच्या बळावरची भिस्त. ती मोडली की लाज वाटते, लाजेने माणूस प्रार्थना आणि मंडळी टाळतो, एकटा पडतो आणि एकटेपणात तेच पाप पुन्हा हाताशी येते. हे चक्र शपथेने तुटत नाही.

रोमकरांस 6 मधला क्रम पाहा. आधी जाणणे : जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर खिळला गेला (वचन 6). मग मानणे : आपण पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत आहोत असे धरून चालणे (वचन 11). त्यानंतर सोपवणे : आपले अवयव देवाच्या स्वाधीन करणे (वचन 13). बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतात आणि म्हणून घसरतात. ‘मी जिंकलो तर देव मला स्वीकारील’ असे मनात धरून लढणारा हरतो. स्वीकार आधीच झालेला आहे, म्हणून लढता येते. पाप तुमच्यावर सत्ता चालवणार नाही, ही वचन 14 मधली हमी कृपेच्या पायावर उभी आहे, निर्धाराच्या नाही.

आता हाताने करायचे काम. याकोब 1:14-15 मध्ये पापाची साखळी दिली आहे : वासना ओढते, भुलवते, गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप मरणाला. आपण सहसा शेवटच्या कडीशी झुंजतो, जिथे बळ सगळ्यांत कमी असते. दोन आठवडे नोंद ठेवा : पडलो त्याआधीच्या तासात कुठे होतो, कोणाबरोबर, हातात काय होते, मनात कोणती भावना होती. राग, थकवा, कंटाळा, अपमान यांतले काहीतरी एक त्या नोंदीत फिरून फिरून दिसेल. साखळी तिथे तोडायची. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे, ठरावीक वाट टाळणे, पैशाचा हिशेब जोडीदाराच्या हाती देणे, असले उपाय क्षुद्र वाटतात, पण उजवा डोळा उपटून टाकण्याविषयी येशू बोलला तो अशाच निर्धारी तोडण्याबद्दल (मत्तय 5:29).

नुसते सोडून भागत नाही, जागा भरावी लागते. चोराविषयी इफिस 4:28 काय सांगते? चोरी थांबव, स्वतःच्या हातांनी कष्ट कर आणि गरजवंताला दे. चोरी थांबली एवढ्याने काम झाले नाही, घेणारा हात देणारा झाला तेव्हा झाले. खोटे बोलण्याची सवय असलेल्याने रोज एक अडचणीचे खरे बोलावे. जीभ कडवट असेल, तर ज्याच्याविषयी वाईट बोलतो त्याचे एक भले तिसऱ्याजवळ सांगावे.

तिसरी गोष्ट, एकटे लढू नका. याकोब 5:16 एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगते. त्यासाठी माणूस पारखून घ्या : आपल्याच लिंगाचा, वयाने किंवा अनुभवाने पोक्त, पोटात गोष्ट ठेवणारा आणि ऐकून ना दचकणारा ना ‘चालायचेच’ म्हणणारा. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेटा आणि त्याने सरळ विचारावे. भर सभेत सविस्तर साक्ष देण्याची घाई नको, त्यातून बहुधा चर्चेला विषय मिळतो आणि घरच्यांना जखम होते.

पाप व्यसनाच्या रूपात असेल, तर उपचार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. पुष्कळ वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. उपास-प्रार्थनेच्या नावाखाली त्याला खोलीत कोंडून ठेवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या.

प्रश्न : पापाची कबुली दिली, तरी मन हलके होत नाही. कबुलीची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : कबुली बहुधा दोन ठिकाणी फसते. एक, ती मोघम असते. ‘प्रभू, कळत-नकळत झालेल्या पापांची क्षमा कर’ एवढ्यावर भागवले जाते. दोन, तिच्यात ‘पण’ येतो : मी बोललो खरे, पण तिनेच सुरुवात केली. दाविदाने दोन्ही टाळले. स्तोत्र 51 मध्ये तो आधी देवाच्या दयेला हाक मारतो, मग पाप आपले म्हणून घेतो, मग शुद्धी आणि नवे हृदय मागतो आणि शेवटी इतरांना शिकवण्याची तयारी दाखवतो. हाच क्रम धरा. पाप नाव घेऊन सांगा, कोणाचे काय नुकसान झाले ते सांगा, कारणे सांगू नका. नंतर 1 योहान 1:9 मोठ्याने वाचा आणि थांबा. तिथे देव ‘विश्वासू व न्यायी’ म्हटला आहे, ‘दयाळू’ नव्हे. किंमत चुकती झाली असल्याने क्षमा ही आता न्यायाचीही बाब आहे.

मन हलके होत नाही याचे आणखी एक कारण पुष्कळदा भरपाई बाकी असणे हे असते. नियमशास्त्रात लुबाडलेले पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यावा लागे (गणना 5:7), म्हणजे 1,000 घेतले असतील तर 1,200. आधी भरपाई आणि मग वेदीवर अर्पण, हा क्रमही तिथे आहे (लेवीय 6:4-6). जक्कय या जकातदाराने तर चौपट परत करण्याचे कबूल केले, तेही येशू त्याच्या घरी येऊन त्याला स्वीकारल्यानंतर. भरपाईने क्षमा विकत मिळत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला त्याचे परत मिळते, म्हणून ती करायची. बदनामी केली असेल, तर जितक्यांसमोर केली तितक्यांसमोर शब्द मागे घ्या. मात्र ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्यासमोर मनात आलेले वाईट विचार ओकून स्वतः मोकळे होणे ही कबुली नव्हे, ते ओझे दुसऱ्यावर टाकणे आहे. अशा वेळी आधी पाळकांचा सल्ला घ्या.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत कबुली धर्मगुरूपुढे दिली जाते आणि तो पापमुक्ती उच्चारतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती थेट देवाजवळ होते. पण कुठल्याही परंपरेत, आपण भोगलेला त्रास ख्रिस्ताच्या अर्पणाची जागा घेऊ शकत नाही. कबुलीनंतर स्वतःला उपाशी ठेवणे, आनंद नाकारणे, दिवसभर कुढत बसणे हे नम्रतेचे वाटते, पण त्यातून ख्रिस्ताने केले ते पुरेसे नव्हते असेच आपण म्हणत असतो.

प्रश्न : माझे पती मारहाण करतात. ‘ख्रिस्ताने मुकाट्याने सोसले, तूही तुझा वधस्तंभ उचल’ असे मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाई सांगतात. मला हे सोसणे भाग आहे का?

उत्तर : नाही, ताई. तुम्हाला दिला गेलेला सल्ला चुकीचा आहे. ज्या वधस्तंभाविषयी येशू बोलला तो त्याच्या नावासाठी पत्करलेला असतो. दुसऱ्याचे पाप आपल्या अंगावर चालू ठेवणे म्हणजे वधस्तंभ उचलणे नव्हे. जगाच्या पापासाठी दुःख सोसण्याचे काम एकाने एकदाच केले आहे. पतीच्या पापाचे प्रायश्चित्त तुमच्या अंगावरच्या वळांनी होत नाही.

येशूने प्रत्येक वेळी मुकाट्याने सोसले, हेही खरे नाही. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक 4:30). दगड उचलले गेले तेव्हा तो लपून मंदिरातून बाहेर पडला (योहान 8:59). महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारले, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान 18:23). पौल टोपलीत बसून दिमिष्क (दमास्कस) शहराच्या तटावरून उतरला आणि फटके बसणार तेव्हा त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रे. कृत्ये 9:25, 22:25). निसटणे, प्रश्न विचारणे, कायद्याचा आधार घेणे, यांतले काहीही अविश्वासाचे नाही.

आधी सुरक्षित जागी जा, मुलांना सोबत न्या. जखमा डॉक्टरांना दाखवून त्यांची लेखी नोंद करून घ्या, महत्त्वाची कागदपत्रे जवळ ठेवा, पोलिसांकडे किंवा महिलांना मदत करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करा. क्षमा करणे आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात राहणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पश्चात्ताप झाला असे ते म्हणाले, तर त्याला योग्य अशी फळे दिसली पाहिजेत (लूक 3:8) आणि ती दिसायला अश्रूंची एक संध्याकाळ नव्हे, बराच काळ लागतो. पाळकांनी अशा वेळी पतिपत्नीला समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई करू नये. घरी परतल्यावर त्या बाईला बोलल्याची किंमत मोजावी लागते.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्ध अक्षम्य पाप माझ्याकडून घडले असावे, अशी भीती रात्रंदिवस वाटते.

उत्तर : मार्क 3:22-30 सलग वाचा. शास्त्र्यांनी येशूची कामे डोळ्यांनी पाहिली आणि ती सैतानाची आहेत असे ठरवून टाकले. या पापाला क्षमा नाही असे येशू का म्हणाला, त्याचे हेच कारण वचन 30 देते. जो उघड प्रकाशाला अंधार म्हणतो आणि तसेच म्हणत राहतो, त्याला क्षमा नको असते. तुम्हाला ती हवी आहे, आणि जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही, असे ख्रिस्त म्हणतो (योहान 6:37). नको असलेले निंदेचे शब्द मनात आपोआप येत असतील, शंका निरसन होऊनही दिवसातून अनेकदा परत उठत असेल आणि झोप व काम बिघडत असेल, तर ते मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या विचाराशी वाद घालत बसू नका आणि दर वेळी नवी कबुली देऊ नका, त्याने भीतीला खतपाणी मिळते. पुढचे प्रभुभोजन मात्र चुकवू नका.